बावीसांनी ‘हो’ म्हटलं, पाच आले: ऑनलाइन छंदगटाचं गटग कसं भरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फाउंटन पेनच्या वेडापायी जमलेला तुमचा ऑनलाइन गट आहे. त्याला दोन वर्षं झाली आणि सदस्य १८०च्या आसपास आहेत. रोज गप्पा रंगतात म्हणून तुम्ही प्रत्यक्ष भेट, म्हणजे गटग, ठरवली. तारखेसाठी मतदान घेतलं, २२ जणांनी ‘हो’ कळवलं आणि आले ५. त्या पाचांचाही दीड तास अवघडल्यासारखाच गेला. आता पुन्हा करावं का, किती जणांचं, कुठे, आणि जमल्यावर करायचं काय, हे तुम्ही विचारलंय. न आलेल्या १७ जणांवरचा रागही तुमच्या लिहिण्यातून लपलेला नाही.

राग येणारच. मी १४ वर्षं अशी गटगं भरवतोय, बहुतेक पेन-शाईवाल्यांची आणि मधली काही वर्षं आकाशनिरीक्षण करणाऱ्यांची. माझ्या पहिल्या गटगाला तर तिघंच आले, आणि त्यातल्या दोघांना एकमेक सापडले नाहीत. मी आत टेबल अडवून बसलो होतो. दाराशी दोन खांब होते. एका खांबाला टेकून एक गृहस्थ, दुसऱ्यापाशी एक तरुणी, दोघंही मान खाली घालून फोनवर काहीतरी टाइप करतायत. गटावर एकापाठोपाठ दोन निरोप पडले: ‘पोचलो, पण कोणी दिसत नाही’ आणि ‘मी पण पोचले, इथे कोणीच नाहीये.’ मी उठून बाहेर जाईपर्यंत वीस मिनिटं ते दोघं चार हातांच्या अंतरावर उभे होते. वर्षभर हे दोघं एकमेकांच्या हस्ताक्षराला दाद देत आले होते. एखादी ओळ लिहिलेली दिसली असती तर लगेच ओळखलं असतं. चेहरा कुठून ओळखणार?

माझं सगळं शिकणं त्या खांबांपाशी सुरू झालं. आपल्या गटातल्या ओळखी या वस्तूवरून झालेल्या असतात. अमुक शाई, तमुक निब, जुन्या पेनाची दुरुस्ती यांवरून आपण एकमेकांना ओळखतो. प्रत्यक्षात भेटतो तेव्हा ती वस्तू मध्ये नसेल तर उरतात ती अनोळखी माणसं, आणि अनोळखी माणसं जे करतात तेच ती करतात: कुठे राहता, काय करता, येताना त्रास नाही ना झाला. दहा मिनिटांत हे संपतं. म्हणून भेट माणसांची ठरवू नका, पेनांची ठरवा. हाताला काम द्या, गप्पा आपोआप सुरू होतील. बाकी जे काही खाली लिहितोय ते यातूनच निघालंय.

जे गट पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. इंटरनेटच्या कितीतरी आधी विज्ञानकथांच्या मासिकांत वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापली जायची. त्यातून पत्रमैत्री झाली आणि त्यातून १९३७ साली इंग्लंडात लीड्सला आणि १९३९ साली न्यूयॉर्कला संमेलनं भरली. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संपर्क साधणारे, वर्षानुवर्षं फक्त आवाजावर किंवा मोर्सच्या टकटकीवर ओळखलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटतात, त्याला ते ‘आयबॉल क्यूएसओ’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांनी साधलेला संपर्क. सगळ्यांनी मिळून जगाचा खुला नकाशा बनवणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर लोक जमवले ते जीपीएस घेऊन रस्ते मोजायला. गॅब्रिएल काम्पानारिओ या सिॲटलमधल्या पत्रकाराने २००७ साली सुरू केलेल्या अर्बन स्केचर्सचे लोक एकत्र निघतात, वेगवेगळे बसून चित्रं काढतात आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर उघड्या मांडतात. सगळे त्या मांडलेल्या वह्यांभोवती वाकून बघत असतात. त्या दहा मिनिटांत जेवढं बोलणं होतं तेवढं गोल खुर्च्या मांडून ‘चला, ओळख करून घेऊ’ म्हटल्यावर होत नाही. अनोळखी लोकांना पोस्टकार्डं पाठवायच्या, २००५ साली सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या उपक्रमाचे लोक भेटले की पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलभर फिरतो आणि प्रत्येक जण प्रत्येक कार्डावर सही करतो. लाजाळूतल्या लाजाळू माणसालाही शेजारच्याकडून कार्ड घ्यावं लागतं आणि पुढच्याला द्यावं लागतं.

आता आकड्याकडे. तुमचे पाच जण अवघडले यात तुमचा दोष कमी, पाच या आकड्याचा जास्त. रॉबिन डनबर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मोकळेपणाने चाललेल्या गप्पांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. एका गप्पेत साधारण चौघंच टिकतात, त्यापेक्षा जास्त झाले की ती फुटते. पाच जण एका टेबलाशी असले की चौघं बोलतात आणि पाचवा फोन काढतो, किंवा दोघं-तिघं असे तुकडे पडतात आणि कोणालाच धड ऐकू येत नाही. पाच आलेत असं दिसलं की लगेच दोन ठिकाणी दोन कामं मांडा. सहा ते बारा हा पहिल्या काही भेटींसाठी उत्तम आकडा. तीन टेबलं, प्रत्येकावर वेगळं काही. चाळीस जणांचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा. चाळीस जणांना सांभाळायला तुमच्यासारखे चौघं लागतात आणि ते अजून तयार व्हायचेत.

२२चे ५ का झाले? ऑनलाइन ‘हो’चा अर्थ ‘कल्पना झकास आहे’ एवढाच असतो. बटण दाबायला कष्ट नाहीत. ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘नक्की प्रयत्न करतो’ हे तर मी शून्यच धरतो. हो कोण म्हणतंय हे मोजणं मी केव्हाच सोडलं. आता मी विचारतो: ‘कोणती शाई आणताय?’ ज्याने शाईचं नाव लिहिलं तो येतो. माझ्या अनुभवात नुसतं ‘हो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे उगवतात आणि शाई सांगणाऱ्यांतला दहात एखाददुसराच टांग देतो. कारण साधं आहे. आपण गेलो नाही तर टेबलावर ती शाई नसेल, हे त्याला माहीत असतं. भेटीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा, गटावर सामुदायिक आठवण नको. ‘तुमच्या त्या राखाडी शाईसाठी एक जागा ठेवलीये, येताय ना?’ एवढं पुरे. नाही म्हणायचं असेल तर तो तेव्हाच म्हणेल, आणि त्याला तसं निसंकोच म्हणता येईल असं लिहा. ऐनवेळी गायब होणारे बहुतेक लोक ‘नाही’ म्हणायला लाजलेले असतात.

मतदान मात्र पुन्हा घेऊ नका. चार तारखा दिल्या की सगळ्यांना थोडी थोडी गैरसोयीची अशी एक तारीख निवडून येते, आणि हरलेल्या तीन तारखांवाल्यांना वाटतं की आपल्याला डावललं. तुम्ही आणि आणखी एक जण (हा दुसरा माणूस लागतोच, तुम्हाला ताप आला तर काय?) मिळून दिवस ठरवा आणि जाहीर करा. शक्य असेल तर ठरलेला पायंडा पाडा: दर दोन महिन्यांनी पहिला रविवार, सकाळी साडेदहा ते एक. ज्याला यावेळी जमत नाही त्याला पुढची तारीख आत्ताच माहीत असते. संपायची वेळ लिहायला विसरू नका. लाजाळू माणूस यायच्या आधी निघायचं कसं याचा विचार करतो. ‘एक वाजता संपतं’ हे वाचलं की त्याचं निम्मं दडपण जातं. ज्यांना पुढे बसायचंय ते बसतातच.

जागेबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगतो: ज्या वारी आणि ज्या वेळी भेट आहे, त्याच वारी त्याच वेळी जाऊन बघा. मी एकदा मंगळवारी दुपारी एक जागा पाहिली. ऐसपैस, शांत, मोठी टेबलं. खूश होऊन ठरवून टाकली. रविवारी सकाळी तिथे पोचलो तर भिंतीवरच्या स्पीकरमधून दणदणीत गाणी, शेजारच्या टेबलावर वाढदिवस आणि आमचे अकरा जण एकमेकांच्या कानात ओरडतायत. ज्यांचा आवाज मुळातच लहान ते पहिल्या अर्ध्या तासात गप्प झाले ते शेवटपर्यंत. तेव्हापासून मी जागेवर जाऊन डोळे मिटून एक मिनिट उभा राहतो. बाकी बघायचं ते तुम्हाला सुचेलच: खिडकीचा उजेड (शाईचा खरा रंग पिवळ्या दिव्याखाली कळत नाही), स्वच्छतागृह, पायऱ्या न चढता आत येता येतं का, आणि टेबलावर डाग पडला तर मालक काय म्हणेल. शेवटचा प्रश्न आधीच विचारा. आम्ही खाली प्लास्टिक आणि वर जाड कागद अंथरतो, तरी एकदा एक बाटली कलंडलीच.

पहिली भेट एखाद्याच्या घरी नको. घर आपुलकीचं असतं, पण घरी येणं ही नव्या माणसासाठी मोठी पायरी आहे, विशेषतः एकट्या येणाऱ्या बाईसाठी. सार्वजनिक जागा, दिवसाउजेडी. कोणाला सोबत कोणी आणायचं असेल तर बिनदिक्कत आणू द्या. अल्पवयीन मुलं असतील तर पालकाबरोबर. याची कारणं देत बसायची गरज नाही, निमंत्रणात तसं सरळ लिहायचं.

आता पहिली पंधरा मिनिटं. यजमानाचं खरं काम एवढंच आहे. बाकी दोन तास तुम्ही झोपलात तरी चालेल, ही पंधरा मिनिटं चुकली तर नाही चालणार. दाराशी माणूस उभा पाहिजे, हातात पाटी घेऊन. आमच्या पाटीवर नुसती मोठ्ठी निब काढलेली आहे, अक्षर एकही नाही. पाटीवाल्याने आलेल्याला ‘या, बसा’ म्हणून सोडून द्यायचं नाही. टेबलापर्यंत न्यायचं, हातात एक पेन द्यायचं आणि म्हणायचं, ‘याने इथे तुमचं नाव लिहा.’ हा नावाचा बिल्ला. गटावरचं नाव वर मोठ्या अक्षरांत, खरं नाव खाली, आणि खरं नाव लिहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ‘अरे, निळीशाई म्हणजे तुम्ही होय!’ हा उद्गार मी शंभरदा तरी ऐकला असेल. दर वेळी तो उद्गार काढणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बिल्ला लिहून झाला की लगेच पुढचं काम. आमचा ठरलेला खेळ असा: प्रत्येकाने एक शाई आणलेली असते. सगळ्यांना एकाच जातीचा कागद, कारण कागद बदलला की तीच शाई एकीकडे फुटते आणि दुसरीकडे चकाकते, मग तुलनेला अर्थ राहत नाही. काचेच्या बुडवायच्या लेखण्या, दोन भांडी पाणी, पुसायला मऊ कागद. प्रत्येकाने प्रत्येक शाईत एकच ठरलेली ओळ लिहायची आणि पुढे शाईचं नाव. बारा शाया म्हणजे बारा ओळी. त्यासाठी बाकीच्या अकरा जणांपाशी जावं लागतं आणि ‘तुमची बाटली जरा देता?’ म्हणावं लागतं. तासाभरात कोणीही कोणाची ओळख करून न देता सगळे सगळ्यांशी बोललेले असतात, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात बारा रंगांचा कागद असतो. तो कागद वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या कपाटात तसे चाळीसेक तरी आहेत.

तुमचा छंद वेगळा असता तर खेळ वेगळा असता. आकाशनिरीक्षणाला मी लोकांना अंधार पडायच्या आधीच बोलवायचो. उजेडात दुर्बिणी जोडताना ओळखी होतात. शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि उशिरा आलेल्या एका गाडीचे दिवे पंधरा जणांची ती मेहनत क्षणात घालवतात. विजेऱ्या फक्त लाल उजेडाच्या. प्रत्येक छंदाची अशी एखादी नाजूक गोष्ट असते, नव्या माणसाला ती ठाऊक नसते आणि विचारायला तो संकोचतो. ती निमंत्रणातच लिहा.

पेनांची नाजूक गोष्ट मला महागात पडून कळली. एका सदस्याने आजोबांचं पेन आणलं होतं, लवचीक सोन्याची निब. टेबलावरून फिरता फिरता ते एका उत्साही मुलाच्या हातात गेलं. त्याने बॉलपेनसारखा जोर देऊन सही केली. निबेचे दोन दात फाकले ते परत जुळलेच नाहीत. पेनवाला एक शब्दही बोलला नाही. टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि अर्ध्या तासाने निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. त्यानंतर आम्ही तीन तबकं ठेवतो. पहिल्यात ‘खुशाल लिहा’, दुसऱ्यात ‘विचारून लिहा’, तिसऱ्यात ‘फक्त बघा’. आल्या आल्या ज्याने त्याने आपली पेनं त्यात लावायची. टोपण पेनाच्या मागे लावायचं नाही, चरे पडतात. चमकीच्या शाया फक्त काचेच्या लेखणीने, दुसऱ्याच्या पेनात भरायच्या नाहीत. हे तीन नियम, बास. दहा लिहिलेत तर कोणी वाचणार नाही.

कामं मांडून ठेवली तरी ओळखीचे ओळखीच्यांकडे सरकतात, हे मात्र गृहीत धरा. पॉल इंग्राम आणि मायकेल मॉरिस या दोन संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास फार बोलका आहे. मेळाव्याला आलेले व्यावसायिक आधी म्हणाले की आम्ही नव्या लोकांना भेटायला आलोय. कोण कोणाशी बोलतंय हे टिपणारी यंत्रं त्यांच्या अंगावर लावली होती, तेव्हा दिसलं की ते बहुतेक आपल्या आधीच्या ओळखीच्यांशीच बोलत राहिले. म्हणजे इच्छा असूनही जमत नाही. जुन्या दोन-तिघांना आधीच बाजूला घेऊन सांगा: ‘पहिला तासभर एकमेकांपाशी बसू नका.’ उभ्या घोळक्यांसाठी एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रामरने सुचवलेली एक युक्ती आहे. उभं राहताना वर्तुळ बंद करायचं नाही, पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या गोल पात्राच्या उघड्या तोंडासारखी एका माणसाची फट ठेवायची. कोणी त्या फटीत येऊन उभा राहिला की सगळ्यांनी थोडं सरकून नवी फट करायची. मुलांना सांगितली तरी कळेल अशी ही गोष्ट, पण मोठ्या माणसांना दर वेळी आठवण करावी लागते.

आणि गप्प बसणाऱ्यांना बोलतं करण्याचा अट्टहास नको. आमच्याकडे एक बाई पहिल्या तीन भेटींत कोणाशी चार वाक्यं बोलल्या नसतील. त्या शायांच्या बाटल्या रंगांच्या क्रमाने लावत बसायच्या. मला वाटायचं, कंटाळल्या असतील. चौथ्या भेटीच्या आधी त्यांचाच निरोप आला की आता बाटल्या मांडायचं काम माझ्याकडे ठेवा. आज आमच्याकडची सगळी मांडणी त्या बघतात. बोलण्यात अजूनही फार नाहीत.

पैशांचं लगेच उरकतो. टीटीएमएम. खाणंपिणं ज्याचं त्याने. कागद, जागा यांचा खर्च असेल तर तो आकडा आधी जाहीर करा, समान वाटून घ्या आणि हिशोब त्याच संध्याकाळी गटावर टाका. मोठेपणाने स्वतःच्या खिशातून घालू नका. दोन वेळा घालाल, तिसऱ्यांदा मनात कुरकुर सुरू होईल. खरेदी-विक्रीला शेवटचा अर्धा तास द्या, आधी नाही. एकाने पिशवी उघडून पेनं विकायला काढली की गटगाचा बाजार होतो, आणि बाजारात नवखा माणूस गिऱ्हाईक होऊन बसतो.

फोटो. बिल्ल्यावर लाल ठिपका म्हणजे माझा फोटो नको. पेनांचे आणि हातांचे हवे तेवढे काढा. हे आधी केलं की मग ‘तो फोटो काढून टाका’ची कटकट होत नाही.

ऑनलाइन भांडलेले दोघं येणार असतील तर घाबरू नका. वेगवेगळ्या टेबलांवर सुरुवात करा. एकाच बाटलीत लेखणी बुडवायची वेळ आली की बहुतेक भांडणं विरघळतात. समोर घाम पुसणारा, थोडा टक्कल पडलेला माणूस बघून ‘यालाच मी इतकं वाईट बोललो?’ असं होतं. पण एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्याला, बहुतेक वेळा एखाद्या बाईला, त्रास होतोय असं कळलं तर ते प्रकरण विरघळायची वाट बघायची नाही. तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघांनी त्याला बाजूला घेऊन तिथल्या तिथे सांगायचं, गरज पडली तर निरोप द्यायचा. गटात चर्चेला टाकायचं नाही. ज्याने तक्रार केली त्याच्यावरच मग १८० जणांपुढे पुरावा द्यायची पाळी येते. मला एकदाच असं करावं लागलं. दोन दिवस झोप नीट लागली नाही, पण पुढच्या भेटीला तीन बायका पहिल्यांदा आल्या. त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचली होती, कशी ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं काम बरेच जण विसरतात. घरी गेल्यावर माणूस विचार करतो, आपण फार बोललो का, बावळट वाटलो का. बूथबी, कूनी या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हे मोजून दाखवलं: पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो. मग ते सांगून टाका ना. नव्या आलेल्या प्रत्येकाला एक ओळ: ‘तुमच्या हिरव्या शाईवर नंतरही बोलणं चालू होतं.’ खरं असेल तेच लिहा, नाहीतर कळतं.

आणि वृत्तांत. इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्यात. पहिल्या यशस्वी गटगानंतर मी लांबलचक वृत्तांत टाकला. कोणाचं पेन गळलं, कोण काय म्हणालं, कोणाला कोणतं टोपणनाव पडलं. हजर असलेल्यांनी हसून हसून प्रतिसादांचा पाऊस पाडला. पुढे महिनाभर प्रत्येक चर्चेत त्याच विनोदांची पालुपदं. मला वाटलं, गट किती जिवंत झालाय! मग एका जुन्या, दूर राहणाऱ्या सदस्याने खाजगीत लिहिलं, ‘आता इथे आलं की दुसऱ्याच्या घरच्या लग्नात गेल्यासारखं वाटतं.’ बरोबर होतं त्याचं. अकरा जण भेटले आणि उरलेले दीडशे परके झाले. गटाचा कंपू होतो तो असा, हसतखेळत, कोणाच्या मनात काही वाईट नसताना. विज्ञानकथावाल्यांच्या १९३९च्या त्या न्यूयॉर्कच्या संमेलनातही कंपूबाजी इतकी विकोपाला गेली होती की सहा जणांना दारातूनच परत पाठवलं. त्यांच्याच गटातल्या, पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेल्या आयझॅक असिमॉव्हला मात्र आत सोडलं. आपली भांडणं त्यामानाने किरकोळ.

आता आमचा वृत्तांत माणसांचा नसतो, शायांचा असतो. बारा शाया, त्यांचे उजेडातले फोटो, कोणती किती वेळात वाळली, कोणती पाण्याने धुपली. जो आला नाही त्यालाही त्यावर बोलता येतं, ‘माझ्याकडची तीच शाई वेगळी दिसते’ असं म्हणता येतं. टेबलावरचे विनोद टेबलावर राहतात. लांबच्या दोन-तीन सदस्यांना तो बारा ओळींचा कागद आम्ही पोस्टाने पाठवतो, आळीपाळीने. ज्याने दुसऱ्याच्या घरच्या लग्नाबद्दल लिहिलं होतं त्याच्याकडून त्याच्या शाईची कुपी पाकिटातून येते, ती टेबलावर त्याच्या नावाच्या बिल्ल्याशेजारी ठेवतो. आजवर तो एकदाही प्रत्यक्ष आलेला नाही.

दोन दिवसांच्या सहलीचंही तुम्ही विचारलंय. चार साध्या भेटी होऊ देत. मुक्कामाला गेल्यावर माणसं घोरतात, उशीर करतात, पैशांवरून अडतात, आणि तिथून लवकर निघून जाता येत नाही. ते सोसायला आधी थोडी माया जमावी लागते.

राहिले ते १७ जण. त्यांना काही लिहू नका, टोमणाही नको, ‘तुम्ही आला असता तर’ही नको. ते तसेच राहू देत, त्यातले चार-पाच पुढे येतील. लिहायचं असेल तर त्या पाच जणांना लिहा, आजच, प्रत्येकाला वेगळं. मागच्या वेळी जरा अवघडल्यासारखं झालं हे खुशाल मान्य करा. मग पुढची तारीख सांगा, काय करणार आहोत ते सांगा आणि एकेक काम मागा. एकाला कागद आणायला सांगा, एकाला काचेच्या लेखण्या, एकाला पाटीवर निब काढायला, एकाला दाराशी उभं राहायला. पाचव्याला विचारा, ‘कोणती शाई आणताय?’